गेस्ट 'रेन चेक' म्हणाला तर आभाळ बघू नका

कळंगुट-बागा साइडला हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर असणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, बाकीच्यांनी पण वाचलं तर चालेल. अमेरिकन गेस्टला तुम्ही मांडवीतली संध्याकाळची बोट क्रूझ सुचवली आणि तो म्हणाला 'कॅन वी टेक अ रेन चेक ऑन दॅट?' तर लगेच 'नो रेन टुडे सर' करून मोकळं होऊ नका, पावसाचा इथे काही संबंध नाही, तो म्हणतोय आज राहू दे, परत कधीतरी जाऊ.

हे आलंय बेसबॉलमधून. 1880च्या दशकात अमेरिकेत पावसाने मॅच धुतली की प्रेक्षकांना पुढची मॅच फुकट बघायची सोय असायची, त्यासाठी जी चिठ्ठी मिळायची ती रेन चेक. नंतर तिथल्या दुकानवाल्यांनीही हे उचललं, सेलमधला माल संपला तर गिऱ्हाइकाला चिठ्ठी देतात आणि माल आला की त्याच सेलच्या रेटने घेऊन जायचं. म्हणजे आजचं हुकलं तरी हक्क शाबूत, एवढं डोक्यात ठेवलं की वापर चुकत नाही.

आता वापरायचं कसं. समोरच्याने बोलावलं आणि तुम्हाला आज जमत नाही, तेव्हाच हे म्हणायचं. मित्र म्हणाला पणजीत फिश थाळी खाऊया, तुमची ड्युटी आहे, तर 'आय विल हॅव टू टेक अ रेन चेक ऑन लंच, हाऊ अबाऊट संडे?' पुढचा दिवस आपणच सुचवला की समोरच्याला वाटत नाही हा टाळतोय. आणि 'ऑन लंच' हां, 'फॉर लंच' नाही. तुम्हीच बोलावून तुम्हीच कॅन्सल करताय तर हे नको, सरळ सॉरी म्हणा आणि दुसरा दिवस विचारा. साहेबाला ईमेलमध्ये पण नको, तिथे 'कॅन वी रीशेड्यूल' बरं दिसतं. आणि जे परत होणारच नाही त्याला तर अजिबात नको, चवथीला कोणी दीड दिवसाच्या गणपतीला बोलावलं तर रेन चेक कसला घेताय, विसर्जन होऊन जाईल की!

एक मात्र आहे, अमेरिकन लोक पण गोड बोलून नाही म्हणायला हे सर्रास वापरतात. त्यामुळे गेस्टने दिवस सांगितला नाही तर 'शुअर, जस्ट लेट मी नो' म्हणून सोडून द्या, दुसऱ्या दिवशी ब्रेकफास्टला एकदा विचारा, परत तेच म्हणाला तर क्रूझचं नाव काढू नका.