होमबिल्ट हेलिकॉप्टरची हलकी फ्रेम कशी बनवायची

हलकी फ्रेम म्हणजे पातळ पाइप, हे आधी डोक्यातून काढा. वजन वाचतं ते त्रिकोणांमुळे. चौकोनी फ्रेम कोपऱ्यात दाबली की तिरकी होते, त्यात एक तिरका पाइप टाकला की हलत नाही आणि मग बारीक पाइपावरही काम भागतं.

कागदावर पहिल्यांदा भार कुठून कुठे जातो तेवढंच काढा. उडताना सगळं मशीन मास्टला (वरचा मोठा पंखा फिरवणाऱ्या उभ्या दांड्याला) लटकलेलं असतं, उतरताना तोच भार स्किडमधून (खालच्या घसरपट्ट्यांसारख्या पायांतून) वर येतो, आणि टेल रोटर (मागचा छोटा पंखा) शेपटीला सतत बाजूला ढकलत असतो. पेट्रोलची टाकी शक्यतो मास्टच्या खालीच घ्या, म्हणजे ती रिकामी होत गेली तरी बॅलन्स बिघडत नाही. नंतर पीव्हीसी पाइपचं खऱ्या मापाचं मॉडेल करून आत बसून बघा, गुडघा कुठे आपटतो ते ड्रॉइंगवर कळत नाही.

मटेरियल ४१३० क्रोमोली स्टील (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत पोलाद) घ्या. अॅल्युमिनियम वजनाला एक तृतीयांश असतं खरं, पण वेल्ड केलं की जोडाजवळ बरीच ताकद जाते आणि हेलिकॉप्टरमध्ये व्हायब्रेशन तर थांबतच नाही. २५ मिमीचा पाइप १.२ मिमी जाडीत मीटरला साधारण ७०० ग्रॅम भरतो, ०.९ मध्ये ५३५, म्हणजे २० मीटरला तीन किलोच्या वर फरक! जाड पाइप फक्त मास्ट-गिअरबॉक्सभोवती वापरा.

खरी मेहनत जोडात आहे. पाइपचं टोक दुसऱ्या पाइपावर घट्ट बसेल असं गोलाईत कापायचं, त्यासाठी कागदाचा टेम्प्लेट गुंडाळून खूण करा, मग अर्धगोल कानशीने घासत राहा, उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. फट वेल्डिंगने भरायची नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटला किंवा नवी मुंबईत रबाळेला टिग वेल्डर (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि आर्गॉन गॅसने बारीक वेल्डिंग करणारा) शोधा, पण पातळ पाइपावर हात बसलेला हवा, आधी तुकड्यावर जोड करून घ्या आणि तो कापून आतून बघा. सगळी फ्रेम आधी नुसत्या टॅक वेल्डवर, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांवर, उभी करा, मग आलटून पालटून समोरासमोरचे जोड भरा. आम्ही एका बाजूचे सगळे एकदम भरले आणि फ्रेम ६ मिमी ओढली गेली, दोन जोड कापावे लागले. दर चार जोडांनंतर ओळंबा सोडून तपासा.

खाडीची खारट हवा पाइपात आतून गंज धरते. बारीक भोकातून जवसाचं गरम तेल ओतून फिरवा, निथळू द्या, भोक बंद करा. बाहेरून प्रायमर लगेच, त्याच दिवशी. आणि उडवायचा विचार डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी हातात आल्यावरच, तोवर जमिनीवर बांधून इंजिन चालवा आणि दर वेळी मास्टजवळचे जोड भिंगाने बघा.