मेलेली कोंबडी उघडून काय पाहावे

परसातली कोंबडी अचानक मेली, तर पुरण्याआधी ती उघडून पाहावी; उरलेल्यांचे काय करायचे ते बरेचदा तिथेच कळते. मात्र दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ एक मरत असतील, तुरे निळे पडले असतील, तोंडे सुजली असतील, तर चाकू लावू नका. बर्ड फ्लूची शंका धरून १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर कळवा.

उन्हाळ्यात दोन-तीन तासांनी आतले रंग फसवू लागतात. उशीर होणार असेल तर कोंबडी बर्फात ठेवा, गोठवू नका. हातमोजे आणि मास्क घाला, पिसे साबणाच्या पाण्याने भिजवा, म्हणजे धूळ उडत नाही. उताणी ठेवून मांडी-पोटामधली कातडी कापा, मांड्या दाबून खुब्याचे सांधे निखळवा आणि कातडी मानेपर्यंत सोला. छातीचे हाड सुरीसारखे वर आले असेल तर आजार जुना. छाती भरलेली आणि अन्नपिशवीत दाणा असेल तर मरण झटपट आले. मग पोटावर आडवा छेद घ्या आणि दोन्हीकडच्या बरगड्या कापून छाती वर उचला.

सर्वांत जास्त वेळ कलेजीला द्या. निरोगी कलेजी तपकिरी-लाल आणि धारदार कडांची असते. पिवळी, बोटाने फुटणारी कलेजी आणि पोटात रक्ताची गुठळी हे कलेजीत चरबी साठल्याचे लक्षण. मक्यावर पोसलेल्या, कोंडलेल्या कोंबडीत हे होते. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके बहुधा कोंबड्यांचा कॉलरा किंवा साल्मोनेला या जिवाणूजन्य आजारांचे. कलेजीवर आणि हृदयावर पिवळट पापुद्रा असेल तर ई. कोलाय या जिवाणूची शंका. पांढऱ्या गाठी मरेक किंवा ल्युकोसिस या विषाणूजन्य गाठींच्या आजारांच्या, त्यावर औषध नाही. दोन्ही मांड्यांतल्या नसा ताडून पाहा. एकच जाड असेल तर मरेक समजा. पित्ताशयाशेजारचा हिरवा डाग मेल्यानंतरचा असतो आणि नुकत्या जन्मलेल्या पिलाची कलेजी पिवळीच असते, तिथे फसू नका.

हृदयावर खडूची पूड दिसली, मूत्रपिंडे सुजली, तर गाऊट, म्हणजे अंगात युरिक आम्ल साठणे. पाणी तुटणे किंवा तलंगांना (अजून अंडी न देणाऱ्या कोंबड्यांना) लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य घालणे, ही नेहमीची कारणे. त्या खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असते. वाढत्या पिलाला सुमारे १ टक्का पुरते.

आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्या रक्ताने भरल्या असतील तर कॉक्सिडिओसिस हा आतड्यातल्या परजीवीचा आजार: खुराड्यातला भुसा (लिटर) कोरडा करा, पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत अँप्रोलियम हे औषध पाण्यातून द्या. दाणा दळणाऱ्या जाड पेट्याच्या वरच्या मऊ जठरात लाल ठिपके दिसले तर मानमोडी (राणीखेत). पण बर्ड फ्लूमध्येही तसेच दिसते, म्हणून तिथेच थांबा आणि दवाखान्यात कळवा. मानमोडीवर इलाज नाही, लसच: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पोटात बलक सांडलेला असेल तर अंडनलिका बिघडली होती. उजवीकडची लहान पाण्याची पिशवी मात्र निरुपद्रवी असते, कारण कोंबडीत डावीच अंडनलिका वाढते.

मांस खाऊ नका, कुत्र्यांनाही घालू नका. तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. कात्री, पाट आणि चपलांचे तळ ब्लीचिंगच्या पाण्याने धुतल्याशिवाय उरलेल्या कोंबड्यांकडे जाऊ नका.