रात्री देवाची आठवण कशी करायची, आणि सकाळी त्या आठवणीचं काय करायचं

बायबलमधल्या स्तोत्र ११९ चं ५५ वं वचन अगदी छोटं आहे. परमेश्वरा, रात्री मी तुझं नाव आठवलं आणि तुझं नियमशास्त्र पाळलं, बस एवढंच. आपण बहुतेक जण त्यातला पहिला अर्धा भाग घेतो आणि दिवा घालवून झोपतो. मीपण कित्येक वर्षं तेच केलं, म्हणजे रात्रीची प्रार्थना माझी सहसा चुकायची नाही पण त्या "आणि"च्या पुढचं सगळं चुकत होतं, आणि गंमत म्हणजे मला ते कधी जाणवलंच नाही कारण प्रार्थना झाली की कसं हलकं हलकं वाटतं ना, त्यालाच मी आज्ञापालन समजत होतो.

आधी थोडं शब्दांबद्दल, मग स्टेप्सकडे जाऊ. हे स्तोत्र हिब्रूच्या २२ अक्षरांवर रचलेलं आहे, प्रत्येक अक्षराला ८ वचनं, असे एकूण १७६. ४९ ते ५६ हा भाग "झायिन" अक्षराचा आणि आठवण्याला जो हिब्रू शब्द आहे, झाखार, तो त्याच अक्षराने सुरू होतो, म्हणून या ८ वचनांत आठवण ३ वेळा येते. आणि ही आठवण म्हणजे नुसतं मनात काहीतरी येऊन जाणं नाही. उत्पत्ती ८:१ बघा, देवाला जलप्रलयात अडकलेल्या नोहाची आठवण झाली असं लिहिलंय आणि त्याच वचनात पुढे देवाने वारा वाहवला, पाणी ओसरायला लागलं. देव काय नोहाला विसरून बसला होता? नाही. तिथे आठवणं म्हणजे हलणं, काहीतरी करणं. तसंच "पाळलं" हा शब्द, त्याचा धातू शामार, म्हणजे राखणं, सांभाळणं, आणि रात्रीच्या प्रहराला हिब्रूत जो शब्द आहे तो याच धातूतला. थोडक्यात पहारेकरी रात्री जे करतो तेच दिवसा वचनाच्या बाबतीत करायचं.

स्टेप १ : प्रार्थनेच्या आधी कुणाचं काय देणं आहे ते बघा

हो, प्रार्थनेच्या आधी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना संध्याकाळ आधी येते आणि सकाळ नंतर, म्हणजे रात्र हा दिवसाचा शेपटीसारखा उरलेला भाग नाही, सुरुवात आहे. आणि मोशेच्या नियमशास्त्रात सूर्यास्ताच्या आत करायच्या काही गोष्टी दिल्यात त्या वाचल्या की मला तरी अजूनही दचकायला होतं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही (लेवीय १९:१३). गरिबाने गहाण म्हणून अंगावरचं पांघरूण दिलं असेल तर ते सूर्य मावळताना परत करायचं, कारण तो झोपणार कशात? (अनुवाद २४:१२-१३). म्हणजे देव म्हणतोय की तू माझं नाव घेत मस्त उबेत पडलायस पण दुसऱ्याचं पांघरूण तुझ्या घरात आहे, हे जमणार नाही. पुढे येशूचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलं तेही याच चालीवर, रागातच सूर्य मावळू देऊ नका.

तर झोपायच्या अर्धा तास आधी दोन मिनिटं बसून तीनच प्रश्न विचारायचे. कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत का, कुणाला उत्तर द्यायचं राहिलंय का, कुणाची माफी मागायची राहिलीय का. जे लगेच होण्यासारखं आहे ते लगेच करून टाका, पैसे ट्रान्सफर करा, मेसेज पाठवा, शेजारच्या खोलीत जाऊन बायकोला सॉरी म्हणा. जे रात्री उशिरा करणं बरं दिसत नाही ते कागदावर लिहा. मोबाईलमध्ये नको, कागदावरच, कारण स्टेप २ आहे मोबाईल.

स्टेप २ : मोबाईल दुसऱ्या खोलीत

यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. बायबल अॅप मोबाईलमध्येच आहे हा बहाणा मीपण वापरलाय, वचन उघडायला जातो आणि २० मिनिटांनी भलतंच काहीतरी बघत असतो. साधं छापील बायबल उशाशी ठेवा आणि अलार्मला वेगळं घड्याळ.

स्टेप ३ : नाव घ्या, पण एकच, आणि ओठ हलवून

वचनात "तुझं नाव आठवलं" असं आहे. आता नाव म्हणजे काय? निर्गम ३४:६-७ मध्ये देव स्वतःच मोशेसमोर स्वतःचं नाव जाहीर करतो आणि ते ऐकलं तर ती स्वभावाची यादी आहे, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेचा आणि सत्याचा सागर, पापांची क्षमा करणारा, आणि तरी अपराध्याला असाच सोडून न देणारा. यातलं एक घ्या, सगळी यादी एका रात्रीत नको. आणि कुठलं घ्यायचं ते आजच्या दिवसावरून ठरवायचं. मुलांवर ओरडून झालंय अशा दिवशी मी "मंदक्रोध" घेतो, आणि तो शब्द चार-पाच वेळा हळू म्हटला की मुलाचा चेहरा डोळ्यासमोर येतोच येतो, टाळता येत नाही.

ओठ हलवून का, तर पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करतो असं जे म्हटलंय तिथला हिब्रू शब्द हागा, त्याचा अर्थ पुटपुटणं. यशयात हाच शब्द सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्याला वापरलाय. म्हणजे त्यांचं मनन आवाज असलेलं होतं. मनातल्या मनात केलं की माझं मन दोन मिनिटांत ऑफिसला जाऊन पोचतं, पुटपुटलं तर निदान परत यायला एक जागा असते. शेजारी कुणी झोपलं असेल तर अगदी हळू, श्वासावर.

स्टेप ४ : दिवस उलटा बघा

झोपायच्या क्षणापासून मागे मागे सकाळपर्यंत जायचं. दिवसाची तपासणी करायला जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १६ व्या शतकात आपल्या लोकांना शिकवलं, त्यात सुरुवात आभार मानण्याने होते, चुका नंतर, आणि हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो कारण चुकांपासून सुरुवात केली की अर्ध्या तासात आपण स्वतःलाच शिव्या देत बसतो आणि त्याला पश्चात्ताप समजतो. स्तोत्र ४:४ मध्येपण सल्ला आहे तो अंथरुणात आपल्या मनाशी बोला आणि गप्प राहा, असा. त्यातलं गप्प राहणं विसरू नका.

इथे माझी गोष्ट सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा मेसेज आला होता, "दादा, वेळ मिळाला की बोल", आणि आमच्यात आधीच पैशावरून थोडं वाजलेलं होतं त्यामुळे मी तो वाचून तसाच ठेवला. रोज रात्री दिवस उलटा बघताना तो मेसेज यायचा, मला आठवतंय की मी अक्षरशः त्याच्यावरून उडी मारायचो, जेवण, ऑफिस, प्रवास सगळं बघायचो आणि ती एक जागा सोडून द्यायचो. वर त्याच्यासाठी प्रार्थनापण करायचो! प्रभू माझ्या भावाला शांती दे म्हणून. नऊ दिवस असं चाललं. नवव्या रात्री पुटपुटायला घेतलेला शब्द होता "सत्य", तो तोंडातून निघेचना.

स्टेप ५ : उद्यासाठी एक काम ठरवा, एकच

सगळ्यात जास्त लोक इथे गळतात. "उद्यापासून मी प्रेमाने वागेन" हे काम नाही, ही शुभेच्छा आहे. काम म्हणजे कोण, काय, किती वाजता. "सकाळी आठच्या आत भावाला फोन." एवढं कागदावर लिहायचं, स्टेप १ मधल्या यादीत काही राहिलं असेल तर त्यातलंच उचलायचं. याकोबाच्या पत्रात आरशाचं उदाहरण आहे ना, माणूस आरशात तोंड बघतो आणि निघून गेल्यावर आपण कसे होतो ते लगेच विसरतो, तसं रात्री बघितलेलं सकाळी विसरतं, म्हणून कागद.

बायबलमध्ये याचा मला सगळ्यात आवडता माणूस योसेफ, मरीयेचा नवरा. त्याचा एकही शब्द शुभवर्तमानांत लिहिलेला नाही. मत्तयात त्याला चार वेळा स्वप्नात सूचना मिळते आणि प्रत्येक वेळी तो काय बोलला हे नाही, काय केलं हे लिहिलंय. मिसरला जा असं सांगितलं तेव्हा तर त्याने सकाळचीपण वाट बघितली नाही, रात्रीच बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन निघाला. आणि ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी गिदोन आहे (शास्ते ६). बापाची बआल या परक्या दैवताची वेदी पाडायला देवाने रात्री सांगितलं, त्याने दहा माणसं घेतली आणि घरच्यांच्या, गावच्यांच्या भीतीने ते काम दिवसा न करता रात्री केलं. केलं ना पण. देवाने कुठेही त्याला म्हटलं नाही की भित्र्या, उजेडात का नाही केलंस.

स्टेप ६ : सोपवा आणि झोपा

खरंच झोपा. जागरण केलं म्हणजे भक्ती जास्त असं काही नाही. येशूने बारा शिष्य निवडायच्या आधी पूर्ण रात्र प्रार्थनेत घालवली हे खरं (लूक ६), पण तोच येशू वादळात तारवात उशी घेऊन झोपलापण होता. एलीया संदेष्टा थकून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश नाही केला, खायला दिलं आणि झोपू दिलं, दोनदा. मी शेवटी स्तोत्र ३१:५ म्हणतो, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो, जे येशूने वधस्तंभावर म्हटलं. पुष्कळदा ते पूर्ण व्हायच्या आत डोळा लागतो आणि त्याचं मला आता वाईट वाटत नाही, वाक्याच्या मध्येच झोप लागावी अशी याहून चांगली जागा कुठली.

मध्येच जाग आली तर

तीन वाजता जाग आली की डोकं हिशोब करायला लागतं हे सगळ्यांचंच आहे. अशा वेळी नवीन काही सुरू करू नका, तोच रात्रीचा एक शब्द परत पुटपुटा. याच स्तोत्राच्या ६२ व्या वचनात कवी मध्यरात्री उठून आभार मानतो, पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्रीच गाणी गायली, तर तेही करून बघा, हळू आवाजात. आणि कुणाची तरी आठवण अचानक आली तर ती उडवून लावू नका. एस्तेरच्या ६ व्या अध्यायात राजा अहश्वेरोशला झोप येत नाही म्हणून तो इतिहासाची वही वाचायला लावतो आणि त्यात निघतं की मर्दखय नावाच्या माणसाने आपला जीव वाचवला होता आणि आपण त्याला काहीच दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी राजाने त्याचा सन्मान केला. नाव लिहून ठेवा, तीन वाजता मेसेज मात्र करू नका, समोरचा घाबरतो.

एक महत्त्वाचं, रोजच झोप लागत नसेल, आठवडेच्या आठवडे, तर डॉक्टरांना दाखवा. झोप न येणं म्हणजे विश्वास कमी आहे असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

सकाळी

मोबाईल हातात घ्यायच्या आधी कागद. त्यावरचं काम जमलं तर न्याहारीच्या आधी, कारण दहा वाजले की आपल्याला चांगली चांगली कारणं सुचायला लागतात. झालं की फुली मारा आणि कागद फाडून टाका, जपून ठेवू नका, नाहीतर महिन्याभराने त्या कागदांचा गठ्ठा बघून आपल्यालाच आपलं कौतुक वाटायला लागतं (अनुभव आहे).

मी भावाला पावणेआठला फोन केला. पैशाचं त्याला काही बोलायचंच नव्हतं, त्याचे रिपोर्ट आले होते आणि घाबरला होता, नऊ दिवस एकटाच घाबरत बसला होता. रिपोर्ट पुढे ठीक निघाले. ते नऊ दिवस मात्र मी देवाकडे त्याच्यासाठी शांती मागत होतो, आणि ती द्यायला लागणारा फोन माझ्या उशाशी चार्जिंगला लावलेला होता.

चुकलं तर

चुकणारच. येशूला अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य तीन वेळा झोपले, आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे असं म्हणून येशूने त्यांना समजून घेतलं आणि शेवटी "उठा, चला" म्हणून सोबत घेतलं. सलग किती रात्री झाल्या ते मोजू नका. पंधरा दिवस खंड पडला तर पंधरा दिवसांचं भरून काढायला जाऊ नका, सगळ्या स्टेप्सपण एकदम नको. त्या रात्री फक्त स्टेप १ करा, ते तीन प्रश्न, दोन मिनिटं, आणि मग झोपा.