छातीत धडधडायला लागलं की

रात्रपाळीत अवेळी फोन खणाणला की आधी माझे हात गार पडतात, मग छातीत धडधड सुरू होते. अशा वेळी नुसतं ‘शांत हो’ म्हणून मन ऐकत नाही. शरीरालाच काहीतरी काम द्यावं लागतं.

माझा पहिला भरवसा श्वासावर. मनात 4 आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून 6 ते 8 आकडे मोजत सावकाश सोडा. महत्त्वाचं आहे ते सोडणं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. दोन-तीन मिनिटं तरी करा. घाईघाईने मोठमोठे श्वास मात्र घेऊ नका. मी पहिल्यांदा तेच केलं, तर डोकं गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या आणि मी आणखीच घाबरले.

तरी विचार थांबेनात तर मुठी 5 सेकंद घट्ट आवळून एकदम सैल सोडा. मग खांदे कानांपर्यंत उचला, सोडा. चेहऱ्यावर गार पाण्याचा हबका मारला तरी बरं वाटतं.

हा सराव निवांत असतानाच करून ठेवा. छातीत दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर श्वास मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.