एमिशन घोटाळ्यात नाव आलेली डिझेल गाडी: ठेवावी, विकावी की सेकंड हँड घ्यावी

आधी एक गैरसमज काढून टाका. पीयूसी पास आहे म्हणजे गाडी एमिशनच्या, म्हणजे धुरातल्या प्रदूषणाच्या, भानगडीत नाही, असं अजिबात नसतं. डिझेलची पीयूसी करताना पोरगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, उभ्या गाडीत दोनचार वेळा ॲक्सिलरेटर दाबायला लावतो आणि मशीन फक्त धूर किती दाट आहे तेवढं बघतं. नायट्रोजन ऑक्साइड, ज्याला सगळे नॉक्स म्हणतात, ते त्यात मोजलंच जात नाही, आणि फोक्सवॅगनचा सगळा घोटाळा त्या नॉक्सचाच होता. दम्याच्या पेशंटला, लहान पोरांना या वायूचा त्रास होतो, म्हणून मला हा विषय फक्त पैशाचा वाटत नाही, पण पैशाचं नुकसान टळलं तर लोक गाडी दुरुस्त करून घेतात म्हणून पैशाचंच आधी सांगतो.

फोक्सवॅगनचं प्रकरण आठवत नसेल तर थोडक्यात. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली की कंपनीच्या डिझेल गाड्यांत टेस्ट ओळखणारं सॉफ्टवेअर आहे. स्टिअरिंग हलत नाहीये, स्पीड ठरलेल्या पद्धतीने कमीजास्त होतोय, म्हणजे गाडी लॅबमध्ये आहे हे त्याला कळायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी, रस्त्यावर आली की काही गाड्यांत नॉक्स मर्यादेच्या ४० पटीपर्यंत. वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी गाडीत मोजणी यंत्र ठेवून रस्त्यावर चालवली तेव्हा पहिला संशय आला. जगभरात साधारण १ कोटी १० लाख गाड्या यात निघाल्या, इंजिनचं नाव ईए १८९.

आपल्याकडे तपासणी पुण्यातल्या एआरएआयने केली, तीच वेताळ टेकडीवरची गाड्यांची चाचणी करणारी संस्था, आणि रस्त्यावरचा नॉक्स बीएस-४ या प्रदूषण नियमाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या रिकॉल केल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्यात फोक्सवॅगन १,९८,५००, स्कोडा ८८,७०० आणि ऑडी ३६,५००. २००८ ते नोव्हेंबर २०१५ मध्ये बनलेल्या, १.२, १.५, १.६ आणि २.० लिटर डिझेल. पोलो, व्हेंटो, रॅपिड तर आपल्या चाकणलाच बनायच्या. पेट्रोलचा यात संबंध नाही, त्यामुळे पेट्रोल पोलोवाल्यांनी उगाच टेन्शन घेऊ नका. कंपनीचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की भारतातला कायदा मोडलेला नाही, रिकॉल स्वतःहून केलाय. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, त्याला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. आणि हे नीट लक्षात घ्या, तो दंड पर्यावरणाच्या नुकसानीसाठी होता, गाडीमालकाच्या खिशात त्यातलं काही येणार नव्हतं.

आता तुमच्याकडे अशी गाडी असेल तर पहिलं काम, आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि विचारा की या नंबरवर एमिशनचं अपडेट झालंय का बाकी आहे. तोंडी उत्तरावर जाऊ नका, हिस्ट्रीची प्रिंट मागा. बाकी असेल तर करून घ्या, पण त्याआधी तीन वेळा टाकी फुल करून ॲव्हरेज लिहून ठेवा आणि अपडेटनंतर त्याच रूटवर पुन्हा तीन टाक्या मोजा, नाहीतर नंतर "पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं" असं नुसतं वाटण्यावर कोणी ऐकून घेत नाही. काम मोठं नसतं. युरोपात २.० लिटरला फक्त सॉफ्टवेअर होतं, साधारण अर्धा तास, आणि १.६ ला त्यासोबत एअर मास सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) पुढे एक छोटी जाळीची प्लॅस्टिक नळी बसवली, हवा सरळ जावी म्हणून. पण तिथे अपडेटनंतर ईजीआर वाल्व चोक होण्याच्या तक्रारी बऱ्याच आल्या. ईजीआर म्हणजे जळालेला धूर थोडा परत इंजिनात फिरवणारा वाल्व, त्याने नॉक्स कमी होतो पण काजळी धरते. त्यामुळे रोज दोन किलोमीटर ऑफिसला जाऊन येणारी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा तरी एक्सप्रेसवेवर मोकळी पळवा. आणि गॅरेजवाला म्हणाला की ईजीआर बंद करून देतो, कटकटच नको, तर नाही म्हणा. अख्खा घोटाळा ज्या गोष्टीवरून झाला तीच गोष्ट आपण स्वतःच्या हाताने करायची आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात सोडायची, हे मला पटत नाही.

दुसरं, घाईत विकू नका. बातमी आली की पहिल्या दोनचार महिन्यांत एजंट भाव पाडून मागतात, आणि घाबरलेला माणूस तेव्हाच टोकन घेऊन मोकळा होतो. अमेरिकेत काय झालं बघा, तिथल्या २ लिटरच्या सेटलमेंटमध्ये कंपनीने गाडी परत घ्यायची ती सप्टेंबर २०१५ च्या, म्हणजे घोटाळा फुटायच्या आधीच्या किमतीने, आणि वर कमीत कमी ५,१०० डॉलर रोख. पण ज्यांनी नोटीस निघाल्यावर सेटलमेंट जाहीर व्हायच्या आत गाडी विकली त्यांना गाडीचे बाजारात पडेल भावाने जे आले ते आले, वरची रोख रक्कम मात्र निम्मीच. जे थांबले ते फायद्यात राहिले. अर्थात तशी भरपाई आपल्याकडे मिळाली नाही, तरी पहिल्या भीतीतला भाव हा खरा भाव नसतो एवढं तिथूनही घेता येतं.

माझं स्वतःचं मत, आपल्याकडे या गाड्यांचा रिसेल घोटाळ्याने जेवढा पडला त्यापेक्षा जास्त वयाने, डिझेलच्या धास्तीने आणि पार्ट महाग म्हणून पडला. आणि कंपनीने गाशा गुंडाळला तर आणखीच. जनरल मोटर्सने २०१३ मध्ये एमिशनच्याच गडबडीमुळे १ लाख १४ हजार शेवरले टवेरा रिकॉल केल्या आणि २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणंच थांबवलं. गाडी घेताना बातमीपेक्षा तुमच्या गावात पार्ट मिळतात का हे आधी विचारा.

घेणाऱ्यांसाठी एक डोळ्यासमोरचं सांगतो. माझ्या मामेभावाला २०१३ ची डिझेल सेडान घ्यायची होती, निगडीत दोन गाड्या बघितल्या, एकाच मॉडेलच्या. पहिली ४० हजारांनी स्वस्त, चकाचक पॉलिश, पण कागद म्हणजे आरसी आणि इन्शुरन्स, बस. दुसऱ्या गाडीच्या मालक काकांनी कपाटातून निळी फाईल काढली, पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेने लावलेली, आणि त्यात एक जॉब कार्ड, रिकॉल, सॉफ्टवेअर अपडेट, चार्ज शून्य, खाली किलोमीटर रीडिंग आणि शिक्का. भाऊ म्हणत होता स्वस्तवाली घेऊ, मी म्हटलं अरे त्या ४० हजारात इंजेक्टर पण येणार नाहीत. मग पहिल्या गाडीचं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मेकॅनिककडून स्कॅन करून बघितलं तर रीमॅप केलेली, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बाहेरून बदललेली निघाली. रीमॅप झालं की कंपनीने टाकलेलं अपडेट पुसलं गेलेलं असू शकतं, त्यामुळे जॉब कार्ड असलं तरी स्कॅन कराच, हजार-दोन हजार गेले तर जाऊदेत. आम्ही फाईलवाली घेतली, काकांनी घासाघीस केल्यावर ८ हजार कमी केले.

अजून एक, आरसीवर पहिलं रजिस्ट्रेशन कुठलं ते बघा. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून तिथल्या गाड्या एनओसी घेऊन स्वस्तात इतर राज्यांत येतात. घेऊ नका असं नाही, पण इकडचा रोड टॅक्स, पुन्हा नंबर घेणं आणि १५ वर्षांतली किती उरलीत याचा हिशोब करूनच भाव ठरवा. बारा-तेरा वर्षं जुनी गाडी पाच वर्षं चालवायच्या विचाराने घेतली तर मधेच फिटनेस, री-रजिस्ट्रेशन आणि पर्यावरण कर येणार.

पुढे दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असं काही निघालं तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलंय, पर्यावरणाला धोका असेल तरी सरकार रिकॉलची सक्ती करू शकतं, आधी ते कंपनीच्या मर्जीवर होतं. ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते, त्यामुळे "बघू, बाकीचे काय करतात" यात वेळ घालवू नका. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये मालकाला पैसे परत द्यायला लावले, पण चालवलेल्या किलोमीटरचे पैसे कापून, आणि जुलैमध्ये आणखी सांगितलं की घोटाळा जाहीर झाल्यावर ज्याने गाडी घेतली त्याला भरपाई नाही. आपली कोर्टं त्याला बांधील नाहीत, पण वकील हेच दोन प्रश्न तुम्हालाही विचारणार, गाडी कधी घेतली आणि किती चालवली. म्हणून घेतानाचं ब्रोशर, "क्लीन डिझेल" वगैरे लिहिलेली जाहिरात, बिल, सेल्समनचे मेसेज टाकू नका, आणि बातमी कळली त्याच दिवशी ओडोमीटरचा तारखेसकट फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.