रोमचा विस्तार अभ्यासताना या चुका टाळा

पंधरा वर्षं उत्तरपत्रिका तपासतेय आणि दरवर्षी पहिल्याच गठ्ठ्यात हे वाक्य सापडतं: 'रोमन सम्राटांनी जग जिंकले.' इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टस पहिला सम्राट झाला, तेव्हा सिसिली, ग्रीस, गॉल (आजचं फ्रान्स), सीरिया, इजिप्त आधीच रोमच्या हाती होते. बहुतेक विस्तार प्रजासत्ताकाच्या काळातला. कॉन्सलला, म्हणजे निवडून आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, मिळायचं एक वर्ष, तेवढ्यात विजय मिळवून नाव करायचं. मोहिमांमागची ही घाई आधी समजून घ्या.

मला सर्वांत जास्त त्रास होतो तो नकाशाचा. एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी इ.स. ११७ चा नकाशा एका रात्रीत उतरवून आणला. ब्रिटनपासून मेसोपोटेमियापर्यंत (आजचा इराक) एकच लाल रंग. "मेसोपोटेमिया रोमकडे किती वर्षं होता?" मी विचारलं. "चारशे तरी असतील, मॅडम." सम्राट ट्राजानने तो जिंकला आणि ११७ मध्येच त्याच्यानंतरच्या सम्राट हेड्रियनने सोडून दिला! मग त्याला शेजारी बसवलं आणि प्रत्येक प्रांतावर पेन्सिलीने साल लिहायला लावलं. सिसिली इ.स.पू. २४१, कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं रोमचं प्रतिस्पर्धी शहर) १४६, पर्गॅमम १३३ (आजच्या तुर्कस्तानातलं हे राज्य तर राजाने मृत्युपत्रानेच दिलेलं), इजिप्त ३०, मग इ.स. ४३ ब्रिटन, १०६ डेसिया (आजचं रोमानिया). दुपार गेली त्यात. पण साडेतीनशे वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर उलगडली. रंग भरण्याआधी साल लिहा, मी अजूनही तसंच करते.

इ.स.पू. ची सालं उलटी चालतात. २६४ आधी, २४१ नंतर.

रोमनांनी कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याचं कुठल्याही प्राचीन लेखकाने लिहिलेलं नाही. खोडून टाका.

कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली, ती व्यापाराची खूण आहे, रोमन सत्तेची नाही.

आणि कृपा करून 'शिस्तबद्ध सैन्य' एवढंच कारण लिहून पुढे पळू नका. गाईडमधली ती एक ओळ पाठ करणाऱ्यांना कॅनीची लढाई कधीच उलगडत नाही. इ.स.पू. २१६ मध्ये तिथे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने समोर आलेली रोमची बहुतेक फौज कापून काढली. रोमच्या बाजूचं कापुआ शहर फुटलं, पण लॅटिन शहरं रोमला सोडून गेली नाहीत. का? इ.स.पू. ३३८ मध्ये त्यांना हरवल्यावर रोमने काहींना पूर्ण नागरिकत्व दिलं, काहींना कमी हक्क दिले आणि मागितले ते सैनिक. त्यामुळे एक फौज गेली तरी दुसरी उभी राहायची. म्हणून लढाई वाचली की मी आधी तिच्यानंतरचा तह शोधते आणि वहीत तो वर लिहिते, लढाई त्याच्याखाली.