लाईनवरचा स्वयंपाक: नव्यानं गाडीवर चढणाऱ्या पोरांसाठी

क्लीनर म्हणून माझी पहिलीच खेप. बेळगावच्या उद्यमबागेतून ट्रकमध्ये कास्टिंगचा माल भरून आम्ही चेन्नईला निघालो होतो. एप्रिलचा महिना. पहाटे शिजवलेला भात मी कुकरातच झाकून सीटमागं ठेवला आणि दुपारी चित्रदुर्ग ओलांडल्यावर दोघांनी तोच खाल्ला. वास नव्हता, चवही बिघडली नव्हती. संध्याकाळी मात्र दोघंही उलट्यांनी आडवे. गाडी रात्रभर जागच्या जागी उभी.

भात असा फसवतो. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये तो वास यायच्या आधीच बाधतो, आणि पुन्हा गरम केला तरी त्यातलं विष जात नाही. म्हणून पोरांनो, शिजवाल तेवढं त्याच बैठकीला संपवा. गाडीत ठेवायचं ते फक्त कोरडं.

याबाबतीत आपला भाग नशीबवान. ज्वारीची कडक भाकरी आपल्याकडं घरोघरी होते, बेळगावात विकतही मिळते. पातळ थापून तव्यावर पार वाळवलेली, पापडासारखी मोडणारी. ती पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. कोमट असताना झाकण लावलं की आत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. नीट ठेवलेली आठ दिवस सहज जाते. पावसाळ्यात मऊ पडायला लागली की आधी ती संपवा. सोबत शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी. घरी सांगून लसूण चांगला भाजून घालायला लावा, कच्चा लसूण चटणी लवकर बिघडवतो. रंगाला संकेश्वरी मिरची असली की बघायलाच नको. चटणीत ओला चमचा घालायचा नाही, एवढं पाळा. दही वाटेत ताजं घ्यायचं.

कांदा जाळीच्या पिशवीत टांगा, बटाटा त्याच्यापासून लांब ठेवा. तूरडाळीत गॅस जातो, मूगडाळ दोन शिट्ट्यांत होते.

आता शेगडीचं, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. जूनमध्ये तवंदी घाटात पाऊस आडवा येतो, खाली उतरावंसं वाटत नाही, आणि कुणीतरी म्हणतं, केबिनमध्येच पेटवू. पेटवू नका. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर पायाशी साचून राहतो. काचा बंद असल्या की जळणातून होणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, माणूस झोपेतच जातो. त्या दिवशी भाकरी-चटणी खा, चहा ढाब्यावर प्या. पंपाच्या आवारातही शेगडी काढायची नाही.

कोरड्या दिवशी गाडी रस्त्यापासून आत घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. शेगडी क्लीनर बाजूला, वारा अडेल अशा जागी, पण डिझेल टाकीपासून चांगली लांब मांडा. 5 किलोचा सिलेंडर उभाच ठेवायचा. पेटवण्याआधी साबणाचा फेस नळीच्या दोन्ही टोकांना लावून बघा. बुडबुडा आला तर त्या दिवशी चूल नाही. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर काढून सिलेंडर केबिनच्या बाहेरच्या पेटीत.

दोघांच्या पाच दिवसांच्या खेपेला मी आजही एवढं भरतो: 30 कडक भाकऱ्या, अर्धा किलो चटणी, 2 किलो तांदूळ, 1 किलो मूगडाळ, तेल-मीठ, गूळ, आणि 20 लिटरचे पाण्याचे दोन कॅन. एक पिण्याचा, एक भांड्यांचा. पिण्याच्या कॅनला लाल दोरी बांधलेली असते, अंधारात चूक होऊ नये म्हणून.